आजीची भुईआवळी आणि काविळीचा विषाणू

गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी आपल्या मंडळातली मुले पत्री गोळा करायला निघतात. एकवीस पत्रींची यादी फळ्यावर लिहिलेली असते, तरी पिशवीत दरवर्षी काहीतरी भलतेच येतेच. मागे एकदा एका मुलाने माक्याच्या जुडीबरोबर आणखी एक रोप मुळासकट उपटून आणले. वीतभर उंची, चिंचेसारखी बारीक पाने आणि पानांच्या खालच्या बाजूला ओळीने लटकलेल्या मोहरीएवढ्या हिरव्या आवळ्या. पत्री निवडायला बसलेल्या काकूंनी ते बाजूला काढले आणि म्हणाल्या, "ही गणपतीची नव्हे रे, ही काविळीची."

ती भुईआवळी. पावसाळ्यात कुंडीत, फरशीच्या फटीत, गटाराच्या कडेला, कुठेही उगवणारी. आमच्या बडोद्यात शेजारीपाजारी तिला भोंयआमली म्हणतात. इंदूर-ग्वाल्हेरकडे ती भुई आंवला, बेळगावकडे नेलनेल्ली, हैदराबादेत नेलउसिरी, गोव्यात भुंयआवाळो. भाषा कोणतीही असो, अर्थ एकच, जमिनीलगतचा आवळा. आणि काम सगळीकडे एकच सांगितलेले, कावीळ. या छोट्या रोपाची गोष्ट आम्हाला यंदा स्मरणिकेत लिहावीशी वाटली, कारण ती आमच्या घरातून मद्रासच्या प्रयोगशाळेत, तिथून अमेरिकेत आणि पुन्हा आमच्या घरात आली, आणि परत आली तेव्हा ती तितकीशी सोपी राहिली नव्हती.

आमची आजी दांडिया बाजारातल्या वाड्यात काविळीचे औषध देई. पहाटे अंगणातली मूठभर भुईआवळी उपटायची, धुऊन पाट्यावर वाटायची, गाईच्या ताकात कालवून रोग्याला अनशापोटी पाजायची. तीन दिवस, फार तर सात. तूप-तेल बंद, हळद बंद, ऊस आणि मुळा भरपूर. "बा, कमळो थयो छे," असे म्हणत दारात उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाती परत गेला नाही. पैसे ती घेत नसे. औषधाचे पैसे घेतले की गुण जातो, असे तिचे म्हणणे. फडताळात शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' होता, पुठ्ठे गळालेला. हा ग्रंथ मराठी घरांइतकाच गुजराती घरांतही वापरला गेला. आजी त्यात पाहून औषध देई असे मात्र आम्हाला वाटत नाही. ती तिच्या सासूचे पाहून देई.

तिचा एक नियम आम्हाला लहानपणी कळत नसे. पोटुशी बाई पिवळी होऊन आली, तर आजी औषध देत नसे. "आधी दवाखान्यात ने," एवढेच म्हणे, आणि त्या दिवशी गप्प गप्प असे. या नियमामागचे कारण आम्हाला फार पुढे समजले. ते ओघाने येईलच.

औषधाला गुण येई का? येई. जवळजवळ नेहमी येई. पंधरावीस दिवसांत डोळे पांढरे होत आणि माणूस पेढे घेऊन येई. आजीच्या हाताला यश आहे ही गोष्ट दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत सर्वांना ठाऊक होती.

आता थोडे जुन्या पोथ्यांकडे. भुईआवळी ही चरकसंहितेतली तामलकी, असे वैद्य मानतात. पण चरकाने तामलकी घातली आहे ती खोकल्यावरच्या आणि दम्यावरच्या दहा-दहा औषधींच्या गणांत. च्यवनप्राशाच्या पाठातही ती आहे. कावीळ आणि भुईआवळी ही आज आपल्याला अभेद्य वाटणारी जोडी त्या दोन गणांत दिसत नाही.

सतराव्या शतकात कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला. 'होर्तुस मलबारिकुस'चे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला छापले गेले. दहाव्या खंडात 'किरगानेली' नावाने हीच भुईआवळी चित्रासह आहे. आपल्या वाचकांना, विशेषतः गोव्याच्या मंडळींना, या ग्रंथाचे एक वेगळे अगत्य वाटावे. माहिती देणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट हे तीन कोंकणी वैद्य होते. गोव्यातल्या पोर्तुगीज छळापायी दक्षिणेला गेलेल्या समाजातले. माहिती खरी असल्याचा त्यांचा १६७५ सालचा कोंकणी दाखला नागरी अक्षरांत पहिल्या खंडात छापलेला आहे. नागरी लिपी छापील पानावर दिसू लागली त्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी तो एक. मूळ गावी लिहिता आले नसते ते परमुलखात छापून निघाले. घर सोडून पिढ्यान्‌पिढ्या दुसरीकडे राहिलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

आणखी एक गंमत. ज्या जातीला वनस्पतिशास्त्रात फायलॅन्थस अमारस म्हणतात आणि जी आज सर्वांत जास्त वापरली जाते, ती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली असावी, असे आता पुष्कळ तज्ज्ञ मानतात. मिरची, बटाटा, पपई, सीताफळ आले तशीच. तसे असेल तर चरकाची तामलकी ही हिची कोणी आपल्याकडची बहीण असणार. आणि बहिणी आहेतच. भारतातल्या पुस्तकांत दीडदोनशे वर्षे या सगळ्यांना सरसकट फायलॅन्थस निरुरी म्हटले गेले. १९८५ साली मित्रा आणि सुधांशुकुमार जैन यांनी दाखवून दिले की खरी निरुरी अमेरिकेत असते, आणि आपण जिला निरुरी म्हणतो त्या प्रत्यक्षात तीन जाती आहेत, अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. अमारसच्या फुलाला पाच दले, फ्रॅटर्नसच्या फुलाला सहा. फूल टाचणीच्या डोक्याएवढे. आजीने ती कधी मोजली असतील असे वाटत नाही. तिच्या पाट्यावर तिघीही वाटल्या गेल्या असणार.

कावीळ हीदेखील एक गोष्ट नाही. कावीळ हे लक्षण आहे. यकृताचे काम बिघडले की पित्तातले पिवळे द्रव्य रक्तात साचते आणि डोळे, नखे, लघवी पिवळी होते. बिघडवणारे अनेक असतात. दारू असते, पित्ताचे खडे असतात, औषधे असतात आणि विषाणू असतात. विषाणूंचीही वेगवेगळी घराणी आहेत.

डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि शहरात काविळीची मोठी साथ आली. सुमारे २९,३०० लोक पिवळे झाले. त्या वेळी ही नेहमीची 'संसर्गजन्य कावीळ' समजली गेली. पंचवीस वर्षांनी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या डॉ. खोर्शेद पावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले. १९८० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की हा अ नव्हे आणि ब देखील नव्हे, तिसराच कोणी आहे. पुढे त्याला 'ई' हे नाव मिळाले. आपल्याकडे पाण्यातून होणाऱ्या मोठ्या साथी बहुतांशी याच्या. अ आणि ई हे दोन्ही विषाणू बहुतेक माणसांत काही आठवडे राहतात, शरीर त्यांना हाकलते आणि माणूस आपोआप बरा होतो. ताक प्याला तरी, न प्याला तरी.

अपवाद गरोदर बायकांचा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत 'ई' झाला तर चार-पाचांतली एक दगावू शकते. आजीला विषाणू ठाऊक नव्हता, पण कोणत्या पिवळ्या डोळ्यांपुढे आपल्या वाटीचे काही चालत नाही, हे ती पाहून शिकली होती.

'ब' मात्र निराळा. तो पाण्यातून येत नाही. रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि सर्वांत जास्त म्हणजे बाळंतपणात आईकडून बाळाला. मोठ्या माणसाला झाला तर बहुतेकदा शरीर त्याला निस्तरते. जन्मतःच लागला तर शंभरांतल्या नव्वद बाळांच्या यकृतात तो कायमचा बिऱ्हाड करतो. डोळे पिवळे होत नाहीत, ताप येत नाही. तीसचाळीस वर्षांनी यकृत सुकते किंवा त्यात कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात असे जवळजवळ तीन कोटी लोक होते. २००९ मध्ये आपल्या गुजरातेतच, साबरकांठ्यातल्या मोडासा गावात, पुन्हापुन्हा वापरलेल्या सुयांमुळे 'ब'ची साथ पसरली, शेकडो लोक आजारी पडले आणि त्यांतले अनेक गेले.

हा 'ब' सापडला तो बारुक ब्लूमबर्ग या अमेरिकी संशोधकाला, आणि तोही दुसरेच काही शोधताना. निरनिराळ्या वंशांच्या लोकांच्या रक्तातले फरक तपासत असताना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्याला एक अनोळखी प्रथिन मिळाले. 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' हे नाव जुन्या रिपोर्टांवर पुष्कळांनी वाचले असेल, तेच हे. ते 'ब' विषाणूचे कवच निघाले. १९७६ साली ब्लूमबर्गला नोबेल मिळाले. आणि नोबेल मिळालेला हा माणूस पुढे वळला कुठे, तर आपल्या भुईआवळीकडे.

त्याचे कारण मद्रासमध्ये होते. मद्रास विद्यापीठातले डॉ. एस. पी. त्यागराजन यांनी १९८२ साली दोन वनस्पतींचे अर्क 'ब'च्या कवचावर परीक्षानळीत काय परिणाम करतात ते प्रसिद्ध केले होते. एक भुईआवळी, दुसरा माका. मुलाच्या पिशवीत जे दोघे शेजारी सापडले तेच! ब्लूमबर्ग तेव्हा फिलाडेल्फियाच्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात होता. १९८७ मध्ये व्यंकटेश्वरन, मिलमन आणि ब्लूमबर्ग यांनी जाहीर केले की भुईआवळीचा अर्क विषाणूच्या वाढीला लागणारे एक विकर, म्हणजे डीएनए पॉलिमरेज, अडवतो. 'ब'चा एक भाऊ अमेरिकेतल्या वुडचक नावाच्या, घुशीसारख्या दिसणाऱ्या प्राण्यात असतो. नुकतीच लागण झालेल्या वुडचकांतही अर्काचा उपयोग दिसला. शोधनिबंधात वनस्पतीचे नाव मात्र निरुरी होते. पुढच्याच निबंधात ते बदलून अमारस झाले.

तो पुढचा निबंध ऑक्टोबर १९८८ च्या 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यागराजन, ब्लूमबर्ग आणि सहकारी. भुईआवळीची सुकवलेली पूड, २०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून तीनदा, तीस दिवस. दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल. औषध संपल्यावर पंधरावीस दिवसांनी तपासले तेव्हा भुईआवळी घेणाऱ्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून 'ब'चे कवच नाहीसे झाले होते. शेकडा ५९. दुसऱ्या गटात २३ पैकी एकाचे. ज्यांना हा रोग माहीत आहे त्यांनाच या आकड्याचा धक्का कळेल. एरवी वर्षभरात शंभर वाहकांपैकी जेमतेम एकदोघांचे कवच आपणहून जाते. इथे महिन्या-दीड महिन्यात निम्म्याहून जास्त जणांचे गेले होते, आणि औषध काय, तर परसातले तण.

ही बातमी वर्तमानपत्रातून आमच्या घरी आली. काकांनी कात्रण काढून आजीला वाचून दाखवले. ती ऐंशीच्या घरात होती. "मग? मी काय वेगळं सांगत होते?" एवढेच म्हणाली. ते कात्रण कितीतरी वर्षे देवघराच्या आरशामागे खोचलेले होते. आमची छाती फुगली होती, हे खोटे कशाला सांगा?

पुढच्या बातम्या आमच्याकडे आल्या नाहीत. अशा बातम्या सहसा येत नाहीत.

१९९० मध्ये बँकॉकच्या डॉक्टरांनी तशीच पूड त्याच मात्रेत वाहकांना दिली. परिणाम नाही. हॉलंडमधल्या एका छोट्या प्रयोगात नाही. १९९४ मध्ये न्यूझीलंडच्या शंभरावर वाहकांत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत बदकांवर प्रयोग झाले, कारण बदकांनाही 'ब'चा एक भाऊबंद होतो. तिथेही लागण रोखता आली नाही. मग शंकांची उत्तरे शोधणे सुरू झाले. जात वेगळी होती का? कोणत्या महिन्यात उपटली, मुळासकट की नुसता पाला, सावलीत वाळवली की उन्हात? हे प्रश्न पोकळ नव्हते, वनस्पतीतली द्रव्ये जमिनीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे खरोखर बदलतात. चीनमध्ये तीन ठिकाणच्या तीन जाती तुलनेसाठी दिल्या तेव्हा तिथली युरिनारिया जात अमारसपेक्षा बरी ठरली. पण मद्रासचा तो ५९ टक्क्यांचा आकडा पुन्हा कुणाच्या हाती आला नाही. लोकांनी मूळ निबंधाकडेही पुन्हा पाहिले. माणसे थोडी होती, ३७ समोर २३ असे गट विषम होते, पाठपुरावा आखूड होता. २०११ साली कोक्रेन या संस्थेने सगळे प्रयोग एकत्र तपासून निर्वाळा दिला की निष्क्रिय गोळीहून भुईआवळी सरस असल्याचा पटण्याजोगा पुरावा नाही.

कुणी लबाडी केली असे आम्ही सुचवत नाही. त्यागराजनांनी जे केले ते धाडसाचे होते. घरगुती औषध घेतले, त्याच्यासमोर निष्क्रिय गोळी उभी केली, मोजले आणि जगाला तपासायला दिले. आमच्या आजीने किंवा कुठल्याच वैद्याने दुसरा गट कधी ठेवला नव्हता. काविळीच्या शंभर रोग्यांना ताक न देता नुसते बसवून ठेवून पाहण्याची छाती कुणाची होणार?

आता घरातली गोष्ट. ती लिहावी की नाही यावर आम्हा भावंडांत बराच खल झाला.

आमचा थोरला चुलतभाऊ, आम्ही त्याला दादा म्हणत असू. १९८९ मध्ये रक्तदान केले तेव्हा त्याच्या रक्तात 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' निघाले. वय सव्वीस, तब्येत ठणठणीत. कात्रण आरशामागे होतेच. भुईआवळी सुरू झाली. ताकातून, मग चूर्ण, मग बाजारातल्या गोळ्या. महिन्यांनी एक तपासणी झाली, तिच्यात काय आले ते आज कुणाला नीट आठवत नाही. दादा बरा आहे, हे मात्र घरात पक्के झाले. आजी गेली, औषध चालू राहिले. २००३ च्या दिवाळीत त्याला रक्ताची उलटी झाली. यकृत सुकले होते. अडीच वर्षांनी तो गेला.

भुईआवळीने दादाला मारले नाही. १९८९ मध्ये त्याला देण्यासारखे दुसरे फारसे काही नव्हतेही. पण १९९८ च्या सुमारास 'ब'वर लॅमिव्हुडिन नावाची गोळी वापरात आली, पुढे तिच्याहून चांगल्या आल्या. त्या वर्षांत आम्ही एकदाही डॉक्टरांकडे जाऊन विचारले नाही, कारण आमच्या लेखी प्रश्न सुटलेला होता. आणि दुसरे, जे आम्हाला जास्त टोचते. दादाला हा विषाणू कुठून आला असेल, हे कुणी विचारलेच नाही. २००३ मध्ये यकृताच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीतच सगळ्या घराची रक्ततपासणी मागितली. काकू वाहक निघाल्या. धाकटी बहीण वाहक निघाली. तिची दोन मुले सुदैवाने निर्दोष होती, त्यांना लगोलग लस दिली. बहीण आज टेनोफोव्हिरची एक गोळी रोज घेते, सहा महिन्यांनी तपासून घेते, आणि मंडळाच्या मोदक स्पर्धेत दरवर्षी बक्षीसही घेते. हे तिच्या परवानगीने लिहीत आहोत.

वनस्पतींतून विषाणूवर औषध मिळतच नाही, असे कुणी यावरून म्हणू नये. आपल्या गोड्या मसाल्यातले बाद्यान, म्हणजे चक्रीफूल, पाहा. त्याचा जपानी भाऊ शिकिमी विषारी आहे. त्याच्यातून एइकमान या डच रसायनज्ञाने १८८५ साली एक आम्ल वेगळे केले, ते शिकिमिक आम्ल. खाण्याच्या बाद्यानात ते भरपूर असते. शंभर वर्षांनंतर अमेरिकेतल्या रसायनज्ञांनी फ्लूच्या विषाणूवर ओसेल्टामिव्हिर, म्हणजेच टॅमिफ्लू, तयार केले. ते मोठ्या प्रमाणावर बनवायला कच्चा माल लागला तो हेच आम्ल. २००५ मध्ये बर्ड फ्लूच्या भीतीने सगळ्या देशांनी साठे करायला घेतले, चीन आणि व्हिएतनाममधले बाद्यान महागले. त्याच डिसेंबरात हैदराबादच्या हेटेरो कंपनीला हे औषध बनवण्याचा परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्या सीमेवरच्या नवापुरात कोंबड्यांचा बर्ड फ्लू निघाला. कोंबड्या मारायला गेलेल्या कर्मचाऱ्यांना याच गोळ्या दिल्या गेल्या. पण बाद्यानाचा काढा प्याल्याने फ्लू जात नाही. बाद्यानातले आम्ल अनेक रासायनिक पायऱ्या चढून पूर्णपणे वेगळे होते, तेव्हा ते औषध बनते. मसाल्याच्या डब्यातून कारखान्यापर्यंतचा तो लांब रस्ता बातमीत दिसत नाही. आणि ते औषधही काही रामबाण नाही. धडधाकट माणसाचा फ्लू त्याने साधारण एक दिवस लवकर उतरतो, इतकेच.

'ब'ला खरा बांध घातला तो लशीने. तिच्यामागेही ब्लूमबर्ग आणि मिलमनच होते, लशीच्या पद्धतीसाठी त्यांनी १९६९ मध्येच अर्ज केला होता. परदेशी लस आपल्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 'शानव्हॅक-बी' बाजारात आणली आणि किंमत कितीतरी खाली आली. आता ती सरकारी लसीकरणात आहे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळाली, तर आईकडून बाळाकडे जाणारी वाट बहुतेक वेळा बंद होते. हैदराबादच्या मंडळींनी या गोष्टीचा अभिमान जरूर बाळगावा. आमच्या कात्रणाच्या अभिमानापेक्षा तो भक्कम पायावर आहे.

करोनाच्या दिवसांत आपण सगळेच काढे प्यालो. तुळस, आले, दालचिनी, गुळवेल. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली आणि म्हटले की रोग्यांनी घेतलेली वेल गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे पाहिलेले नाही. वाद आम्ही सोडवू शकत नाही. पण वाचताना आम्हाला एकदम पाच आणि सहा पाकळ्यांची ती टाचणीएवढी फुले आठवली.

वाड्याच्या जागी आता फ्लॅट झाले आहेत. तरी आजीचे नाव सांगत कुणीतरी पावसाळ्यात दार वाजवतेच. आम्ही औषध देत नाही. कागदावर तपासण्यांची नावे लिहून देतो, 'अ', 'ई' आणि 'ब'च्या कवचाची, आणि कुठे जायचे ते सांगतो. मागच्या श्रावणात शेजारच्या गल्लीतल्या बा नातवाला घेऊन आल्या. पोर हळदीसारखे पिवळे. त्यांना कागद दिला, तो त्यांना मुळीच आवडला नाही. तपासणीत 'अ' निघाला. डॉक्टरांनी विश्रांती आणि साधे जेवण सांगितले. तीन आठवड्यांत पोर पतंगाच्या गच्चीवर. बा पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि आजीच्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, "भोंयआमलीनो ज प्रताप!" आम्ही ती दिलीच नव्हती, असे सांगून पाहिले. त्यांनी ते हसण्यावारी नेले आणि पेढे ठेवून गेल्या.